कॉल ऑन म्हणजे काय

नेरमध्ये लोकांना इंग्रजी बोलायला मी शिकवतो. त्यामुळे घरात इंग्रजी काहीही आलं, की ते आधी माझ्यापुढे येतं.

वणीच्या स्थळाचा फोटो माझ्या बहिणीला, शुभाला, आवडला होता. (तिने कबूल केलं नव्हतं, पण फोटो परत द्यायचं नावही घेत नव्हती.) तेवढ्यात मुलाचा इंग्रजीत मेसेज आला : रविवारी अकराला आम्ही तुम्हाला 'कॉल ऑन' करू. बाबांनी अर्थ विचारला. मी म्हणालो, कॉल म्हणजे फोन, आणि ऑन म्हणजे कॅमेरा चालू. व्हिडिओ कॉल!

"दादा, मले वाटते त्याचा अर्थ..." शुभा म्हणाली. मी तिला हातानेच गप्प केलं.

बैठकीत यंदाचा कापूस छतापर्यंत भरला होता. तो हलवायची गरज नाही, हेही मीच ठरवलं. एका कोपऱ्यात खुर्ची, मागे नवी चादर. कॅमेऱ्यात तेवढंच दिसणार. शुभाने वर जरीचा कुर्ता घातला आणि खाली माझी जुनी ट्रॅक पँट. बाबा बनियनवर कॅमेऱ्याबाहेर बसले. पोहे केलेच नाहीत. फोनमधून कोणाला वाढणार?

अकराला फोन नाही, दाराची कडी वाजली. दारात मुलगा आणि त्याचे आईवडील!

"तुमचा फोन येनार होता नं?" बाबा बनियनवरच उठले.

"कॉल ऑन म्हणजे भेटायला येणं," मुलगा हळूच म्हणाला.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी कापसाकडे पाहिलं. खुर्ची एकच, म्हणून पाहुणे कापसाच्या ढिगाच्या कडेवर बसले आणि कमरेपर्यंत आत गेले. आमच्या आईने शिळ्या पोळीचा कुस्करा पुढे केला. शुभा पाणी घेऊन आली आणि सगळ्यांच्या नजरा तिच्या पँटवर खिळल्या. गुडघ्याला ठिगळ होतं. तिला आवडलेलं एकुलतं एक स्थळ मी घालवलं होतं.

"हे नवीन फॅशन हाय का?" मुलाने विचारलं.

"नाही जी," शुभा म्हणाली, "हे दादाचं इंग्रजी हाय."

मुलगा इतका हसला, की कापसात आणखी खचला. त्याला ओढून काढायला हात शुभानेच दिला. त्याच्या आईने कुस्करा पुन्हा मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी होकार आला, तोही इंग्रजीत. बाबांनी मोबाइल सरळ शुभाच्या हातात दिला आणि मला पेढे आणायला पिटाळलं. त्या कामाला इंग्रजी लागत नाही म्हणे!