हवा लागलेली काजळी

प्रयोगशाळेत त्यांना सगळे काजळीकाका म्हणत. कानात काजळी, कपाळाला काजळी, चहाच्या कपाला काजळी. घरी, ‘अहो, तोंड धुऊन या आधी’ म्हणणारं कोणी नव्हतं.

कामच तसं. कार्बनच्या पोकळ कांडीत धातूची पूड ठासायची, हेलियम भरलेल्या पोलादी पिंपात विजेच्या झोताने तिची वाफ करायची. भिंतींवर काजळी धरते. तिच्यात कार्बनचे, डोळ्यांना न दिसणारे पिंजरे. बहुतेक रिकामे, एखाद्यातच धातूचा अणू अडकलेला, आणि सगळी उठाठेव त्या एकासाठी! हे भरलेले पिंजरे हवेला भारी हळवे. म्हणून पिंपाला जोडलेल्या रबरी हातमोज्यांत हात घालून, झाकण न उघडता काजळी खरवडायची.

सकाळी ताईचा फोन आला. “लेकीकडे कायमची चाललेय रे. दुपारी बस तुमच्या स्टँडवर थांबेल. येशील, की पिंपाची परवानगी काढावी लागेल?”

“येतो गं.”

“भाच्याच्या लग्नालाही येतोच म्हणाला होतास! शेवटी वाढलेलं ताट उचललं मी.”

काकांनी फोन खणात टाकला.

दुपार झाली तरी पिंप निवेना. निवलं, तेव्हा काजळी निम्मीच निघाली आणि बसची वेळ झाली. हेलियमचा गॅस चालू ठेवून खोली सोडायची बंदी; बंद करावा, तर झाकणाचं रबर जुनं, हवा आत शिरणारच. काकांनी एकदा पिंपाकडे पाहिलं. मग गॅस बंद केला आणि धूम ठोकली. फोन खणातच राहिला.

स्टँडवर बसचं दार नुकतंच लागलं होतं. काकांनी थाप मारली. ड्रायव्हरने हॉर्न मारला. खिडकीच्या न उघडणाऱ्या काचेमागे ताई. ती काहीतरी बोलली. “काय?” काका ओरडले. तिने आपल्या नाकाकडे बोट दाखवलं. काकांनी नाक पुसलं, तर गालभर काळं झालं. ताई पदर तोंडाला लावून हसली, मग तो पदर डोळ्यांकडे गेला. बस वळली.

काका परतले, तेव्हा बाई पिंपापाशी उभ्या होत्या. या प्रयोगशाळेच्या प्रमुख.

“हवा लागली?”

“लागली.”

“कशी?”

“मी लागू दिली. ताईची बस होती.”

बाईंनी काकांच्या काळ्या गालाकडे पाहिलं. “भेटली का?”

काकांनी हातमोजे सरळ केले.

“दिसली.”