यानाच्या मागची ट्रॉली

कुपवाडच्या आमच्या छोट्या स्टुडिओत काम जास्त होतं की किस्से, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. एक सांगायला बसावं तर दुसरा मध्येच घुसतो. म्हणून आज एकाच एपिसोडचे सांगते.

आम्ही मुलांसाठी अंतराळातल्या साहसांची कार्टून मालिका करतो. मी लिहिते. हा एपिसोड होता सुटकेच्या मोहिमेचा. यान बंद पडून बर्फाळ चंद्रावर अडकलेल्या शास्त्रज्ञांना कॅप्टन सोडवतो, पण चार चाकांचा ठोकळ्या नावाचा रोबो बर्फात रुतून तिथंच राहतो. कायमचा! पुण्याच्या चॅनलवाल्या मॅडमचा तसा हुकूमच होता. "मुलांना रडू आलं पाहिजे," त्या म्हणाल्या.

मुलांचं माहीत नाही, पण रडायची पाळी आली होती नसीमावर. ठोकळ्याचा आवाज तिचा. सांगलीत दिवसभर ब्लाउज शिवणारी नसीमा माईकसमोर आली की नुसती खुलायची. ठोकळ्या गेला की तिचं इथलं येणंही संपणार होतं. हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं आणि एकालाही पटलं नव्हतं.

*

आमच्या खाली पत्र्याचे पार्ट बनवणारं वर्कशॉप आहे. त्यांच्या प्रेस मशीनचा घाव पडला की वर आमचा माईक हलतो. म्हणून रेकॉर्डिंग नेहमी त्यांच्या जेवणाच्या सुट्टीत!

या एपिसोडमध्ये मात्र यानावर उल्का आदळतात. साउंडवाले सलीमभाई जाम खूश. "आज त्या मशीनचंच काम हाय!" म्हणत त्यांनी जिन्यात माईक लावला आणि वाट बघत बसले. खाली चिडीचूप! टाचणी पडली तरी ऐकू यावी.

शेवटी सलीमभाई खाली गेले, तर मालक हसतमुखानं पुढं आला. "सलीमभाई, वर लय मोठी मोहीम हाय म्हणून कळलं. तुमास्नी तरास नको, म्हणून आज मशीनच बंद ठिवलंय!"

*

कॅप्टनचा आवाज आबांचा. आबा साताऱ्याकडचे, फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. एका सीनमध्ये कॅप्टन पळत येऊन धापा टाकत बोलतो.

"खोटी धाप मला जमत न्हाई," आबा म्हणाले आणि सरळ पळायलाच निघाले. या वयात एकटं कसं सोडायचं, म्हणून मीही मागोमाग. एमआयडीसीला एक मोठी चक्कर मारून आम्ही परत आलो. आबा माईकसमोर उभे राहिले आणि बातम्या वाचाव्यात तसं शांतपणे वाक्य बोलून मोकळे झाले! मी मात्र दाराशी भिंत धरून उभी.

सलीमभाईंनी गुपचूप दुसरा माईक माझ्या तोंडाशी धरला. एपिसोडमध्ये कॅप्टन जी धाप टाकतो ना, ती माझी आहे.

*

चित्रं काढतो विशाल. आष्ट्याचा पोरगा, घरचा ऊस. त्यानं सुटकेचं यान काढून दाखवलं. पंख झकास, खिडक्या झकास आणि मागं उसाच्या ट्रॅक्टरला असतात तशा दोन ट्रॉल्या!

"हे काय रे?"

"ताई, माणसं सोडवून आणायची म्हंजे कशात आणायची? मांडीवर?"

व्हिडिओ कॉलवर मॅडमनी ते बघितलं. मॅडमचं मराठी इस्त्री केलेलं, एक शब्द चुरगळलेला सापडायचा नाही. "विशाल, अवकाशात ट्रॉली नसते. कृपया ती काढून टाका."

विशालनं लगेच एक ट्रॉली काढून टाकली.

"आणि दुसरी?" मी विचारलं.

"दुसरीचं त्या कुठं काय म्हणाल्या?"

*

मग ठोकळ्याचा निरोप रेकॉर्ड झाला. "मित्रांनो, तुम्ही जा. माझी बॅटरी संपत आली आहे." नसीमानं ते अगदी सपाट, यंत्रासारखं म्हटलं. तेवढ्यात फुर्रर्र! सलीमभाईंनी नाक शिंकरलं होतं.

"परत घ्यायचं का?" मी विचारलं.

"नको गं. ऑक्सिजन गळतोय म्हणून खपवू," ते डोळे पुसत म्हणाले.

नसीमा खदखदून हसली. मग पाणी प्यायला म्हणून गेली, ती बराच वेळ परत आली नाही. मला फार वाईट वाटलं.

*

शेवटच्या सीनला मॅडम जातीनं कुपवाडला आल्या. आबांचं वाक्य एवढंच: "ठोकळ्या, माफ कर. यान उडवा!"

हेडफोन लावून आबा उभे. शेजारी नसीमा. स्क्रीनवर ठोकळ्या बर्फात चाकं रुतवून बसलेला. आबा त्याच्याकडे बघतच राहिले.

"आबा, बोला ना," मॅडम म्हणाल्या.

"न्हाई. पलटणीत आमी खेचरसुदिक मागं सोडलं न्हाई. ह्यो तर बोलतोय! मागं ट्रॉली रिकामी हाय, घाला त्याला."

"पण आबा, एकट्या यानाला तो ओढवणार नाही. तेवढी ताकद नाही त्यात. कथेत तसं ठरलंय," मॅडम म्हणाल्या.

"मग शास्त्रज्ञांचं यान हाय की!" मागून विशाल ओरडला. "ते चालू करून पुढं जोडू. उसाच्या फडात ट्रॅक्टर रुतला की आमच्याकडं तसंच वडत्यात."

आणि कोणाला न विचारता त्यानं दोन्ही यानांमध्ये साखळी काढली. दुसरी साखळी ठोकळ्याच्या गळ्यात!

मॅडमनी चष्मा काढला, परत घातला. नसीमानं माझा हात घट्ट धरला होता.

तेवढ्यात आबा माईकमध्ये गरजले, "ठोकळ्या, ब्रेक सोड रं!"

नसीमा ठोकळ्याच्या आवाजात ओरडली, "कवाच सोडलाय आबा! वडा तुमी!"

आणि मॅडम खुर्चीवरून ताडकन उठल्या.

"आवं आबा, सावकाश वडा! साखळी तुटंल!"