कळलंरावाने डबा बंद केला

कळलंराव हे काही त्याचं खरं नाव नव्हे. खरं नाव त्याच्या बायकोलासुद्धा कुठे सही करायची वेळ आली तरच आठवत असेल. औषधांच्या शीतगृहात तो कंट्रोल रूममध्ये ऑपरेटर होता, मी फाटकाशी वजनकाट्यावर. घरंही वरखाली, तो वरच्या मजल्यावर आणि मी खाली. त्यामुळे त्याच्या घरात भांडं पडलं तर ते कुणी आपटलं हे मला आधी समजायचं.

काम त्याचं बसून राहण्याचं. समोर मोठा पडदा, पडद्यावर थंड खोल्यांचे चौकोन आणि प्रत्येक चौकोनात त्या खोलीचं तापमान. आकडा वर चढला, पंखा अडला, दार उघडं राहिलं, की अलार्म बोंबलायचा आणि चौकोन लाल व्हायचा. मग ऑपरेटरने एक बटण दाबायचं. म्हणजे यंत्राला सांगायचं, बाबा रे, तुझी तक्रार कानावर आली. लगेच यंत्र गप्प. तक्रार पुढे कुणी निस्तरली का, याच्याशी बटणाचं काही देणंघेणं नाही.

वर्षानुवर्षं ते बटण दाबून दाबून माणूसच बटणासारखा झाला.

"अहो, नळ गळतोय."

"कळलं."

"लेक म्हणते, लग्न करणार नाही."

"कळलं."

"मी आता कायमची माहेरी जाते."

"कळलं. किल्ली खाली ठेवून जा."

हे सगळं मला वहिनींनीच हसत हसत सांगितलं होतं. हसू मात्र ओठांवरच होतं. त्याची आई गेली तेव्हा फोन कंट्रोल रूममध्ये आला होता. मी तिथेच होतो, चहा ढोसत. त्याने ऐकून घेतलं, "कळलं" म्हणाला, रिसीव्हर ठेवला, पाळी पुरी केली आणि मग घरी गेला. काय दगड आहे हा, असं मी चारचौघांत बोलूनही आलो. एक फिटर म्हणाला, "दगडाला नावं ठेवू नका, दगड उन्हात तापतो तरी."

आता आमच्याकडची एक रीत सांगतो, नाहीतर पुढचं उमजायचं नाही. पाळी बदलताना पडदा शांत द्यायचा. लाल चौकोन ठेवून जो उठेल त्याने सगळ्यांना चहा पाजायचा, वर टोमणे ऐकायचे ते वेगळेच: "काय रे, घर पेटवून निघालास?" म्हणून उठायच्या आधी जो तो उरलेसुरले अलार्म दाबून टाकायचा. खोल्यांतले सगळे आकडे पॅनेलमधल्या एका काळ्या डब्यातून पडद्यावर यायचे. हा डबा चालू असेपर्यंत दाबलेले अलार्म दाबलेलेच राहत. बंद करून चालू केला, की एकजात सगळे उठून बसत. मग त्या डब्याला हात कोण लावणार? कुणीतरी त्यावर 'हात लावू नये' अशी चिठ्ठी डकवली होती, आणि आमच्या शीतगृहात शब्दशः पाळली गेलेली ती एकमेव सूचना.

लेकीचं काम मोठं गमतीचं. कारखान्यांतली यंत्रं एकमेकांशी अशाच डब्यांतून बोलतात. त्या डब्यांत कुठे भोक आहे, कुठून परका माणूस आत शिरेल, हे ही मुलगी शोधायची.

मी म्हणायचो, "म्हणजे तू पगारी चोर."

"चोर नाही काका, पगारी कुत्रं. वास घ्यायचा आणि भुंकायचं. पण मालक सांगेल तेव्हाच."

एका सुट्टीच्या दुपारी पेपर परत करायचं निमित्त काढून मी वर गेलो, तर तिघं जेवत होती. लेकीने फोनवर एक फोटो उघडून बापाच्या पुढ्यात धरला.

"बाबा, तुमच्या पॅनेलमधला डबा हाच ना?"

त्याने घास चावत मान हलवली. तिने हातातला घास ताटात परत ठेवला.

मग तिने सांगितलं ते असं. त्या डब्याला भोक होतं. पासवर्डची गरजच नाही, ठरावीक क्रमाने काही निरोप धाडले की दार उघडतं, आणि धाडणारा जगात कुठेही बसलेला असो. आत शिरला की खोल्यांची थंडी बंद करेल, आणि वर पडद्यावर सगळं थंडगार असल्याचं दाखवेल. भोक तिच्याच कंपनीने शोधलं होतं. डबा बनवणाऱ्यांनी ते बुजवणारी सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती काढलीही होती, पण ती कशासाठी याबद्दल अवाक्षर न काढता. लोकांना ती घालायला अवधी मिळावा, मग पुढच्या महिन्यात भोक जाहीर करायचं, असं ठरलेलं. जाहीर झालं की कुठलाही रिकामटेकडा ते वापरून बघणार. तोवर कुणी तोंड उघडायचं नाही, तशी तिने सही दिली होती.

"मी तुम्हाला सांगितलं हे बाहेर गेलं तर माझी नोकरी जाईल. नोकरीचं सोडा, या धंद्यात पुन्हा कुणी दारात उभं करणार नाही."

"कळलं."

"कळलं नको बाबा. ती आवृत्ती घाला. त्या दिवसाच्या आत."

वहिनींनी माझ्याकडे वळून पाहिलं. "भाऊजी, तुम्ही काही ऐकलं नाहीत."

"छे, मी आलोच कुठे होतो?"

"तुमच्या तोंडात तीळ भिजत नाही, म्हणून म्हटलं."

लेकीने पुढे ते काम आपल्या मनाने सोडलं, तोवर हे तोंड शिवलेलं होतं. म्हणून आज सैल सोडतोय.

त्यानंतर त्याने काय केलं? काही नाही. लेक रोज विचारायची, "केलंत?" हा म्हणायचा, "बघतो." एकदा मी कंट्रोल रूममध्ये त्याला गाठलं.

"अरे, पोरीने गळा दिलाय तुझ्या हातात. घाल की ती आवृत्ती."

"ती घालायची तर डबा बंद करावा लागतो."

"मग कर."

"आतलं सगळं उठेल."

"काय काय आहे आत?"

"आठवत नाही."

"घाबरतोस होय रे?"

तो पडद्याकडे बघत राहिला. "घाबरलो असतो तर बरं होतं," म्हणाला. "काहीच होत नाही मला." आणि बोलता बोलता त्याने एक अलार्म दाबला.

मग एके दिवशी लेकीने विचारणं सोडलं. जेवायला बसली, जेवली, उठली. न दाबता गप्प झालेला अलार्म त्याने जन्मात पाहिला नसावा. दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्याने पॅनेल उघडलं, चिठ्ठी फाडली, लॅपटॉप जोडून नवी आवृत्ती चढवली, डबा बंद केला आणि चालू केला.

पडदा आधी काळा झाला, मग एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत लाल. तो आवाज वजनकाट्यापर्यंत आला. काट्यावरचा ट्रकवाला म्हणाला, "काका, पळायचं का?" साहेब ओल्या हातानेच धावत सुटला. बघतात तो काय, निवृत्त होऊन नातवंडं खेळवणाऱ्यांनी दाबलेले अलार्मसुद्धा उठून बसले होते! दारांची रबरं, पंखे, दिवे. पण चार नंबरच्या खोलीपुढे आकडाच नव्हता. नुसती आडवी रेघ.

चार नंबर म्हणजे आमची शहाणी खोली. कधी बघा, चार अंश. एका दशांशाने इकडची तिकडे नाही. आता समजलं, तिचा सेन्सर केव्हाच मेला होता आणि मरताना दाखवलेला आकडा पडद्यावर तसाच गोठून राहिला होता. सेन्सर बोलत नाही असा अलार्म तेव्हा वाजला असणार. कुणीतरी पाळी संपवताना दाबला असणार.

सगळे हातात थर्मामीटर घेऊन धावले. कळलंरावाने स्वतः दार उघडलं. आत चौदा अंश. तेव्हा एका हमालाने हळूच सांगितलं, की जेवणाच्या सुट्टीत सगळे हमाल याच खोलीत टेकायचे. इतर खोल्या बोचतात, ही जरा प्रेमळ आहे.

आत लहान मुलांच्या लशी होत्या. होत्या तेवढ्या सगळ्या नष्ट केल्या. वाटेतले ट्रक माघारी बोलावले. त्याआधी गेलेल्यांचं काय, हे कोण सांगणार? ती खोली केव्हापासून प्रेमळ झाली होती, तेच कुणाला ठाऊक नव्हतं.

चौकशीला मुख्य कचेरीतून बाई आल्या. ट्रकांची माहिती द्यायला मलाही बोलावलं होतं, म्हणून हे कानांनी ऐकलेलं सांगतो.

"त्या दिवशीच डबा का बंद केलात?"

"नवी आवृत्ती आली होती."

"मागच्या वर्षी आलेली घातली होतीत?"

"नाही."

"त्याच्या आधीची?"

"नाही."

"मग हीच का?"

"मनात आलं."

साहेब फिसकन हसला. "तुझ्या? मनात?"

बाई हसल्या नाहीत. "डबा बंद केला की कुणी कुठला अलार्म केव्हा दाबला, ती आठवण पुसली जाते. चार नंबरचा अलार्म कुणी दाबला, ते आता कधीच सापडणार नाही. तुमच्या सोयीचंच झालं म्हणायचं."

म्हणजे त्याने पुरावा पुसायला डबा बंद केला, असा अर्थ. एक वाक्य बोलला असता तर सुटला असता: लेकीने सांगितलं. माझी जीभ नुसती वळवळत होती. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत विनवणी नव्हती, धाक नव्हता, काहीच नव्हतं. मी मात्र गप्प बसलो.

"झालं असेल सोयीचं," तो म्हणाला.

नोकरी गेली, वर ठपका बसला. ठरल्या दिवशी भोक जाहीर झालं. बाकीच्या शीतगृहांत पळापळ उडाली आणि आमचा साहेब मिशीवर ताव देत सांगत सुटला, "आमच्याकडे आधीच बुजवलं होतं." मुख्य कचेरीने त्याची पाठ थोपटली. आता हसायचं तर हसा.

त्या संध्याकाळी मी वर गेलो तेव्हा लेक दारात होती, पायांत चपला घातलेली.

"कुठे?" त्याने विचारलं.

"सांगायला. माझ्या साहेबाला, तुमच्या साहेबाला, त्या बाईंना."

"त्याने त्या लशी परत थंड होणार आहेत का?"

"तुमच्यावरचा ठपका तरी पुसेल."

"दाबणारा मीच असेन," तो म्हणाला. "नसेन तरी रोज चार अंश बघत मीच बसलो होतो. त्यात तुझं काय?"

"पण पुरावा पुसला म्हणतात ते खोटं आहे, बाबा!"

"असू दे. बस."

"तुम्हाला खरंच काही वाटत नाही?"

तो शोधत होता, हे दिसत होतं. खिशात किल्ली चाचपावी तसा.

"नाही सापडत," तो म्हणाला.

वहिनींनी ताटं मांडली, एक माझ्यापुढेही ठेवलं. लेक उंबऱ्यापाशी उभी होती. तिने एकदा बाहेर जिन्याकडे पाहिलं. मग आत आली आणि चपला न काढता ताटावर बसली. वहिनी एरवी घर डोक्यावर घेतात अशा वेळी, पण त्यांनी भात वाढला. आम्ही जेवलो.