वाघजाईच्या राईचा पाला

"फुकाट कोन राबतंय वो भावजी? आईतवारी मोबाईल बघत लोळायचं सोडून ही पोरं राई झाडायला येत्यात, आन् तुमी म्हनता समाजसेवा!"

"वैनी, तुमाला सावलीचाबी संशेव," कुंडलिक हसला. राईच्या कमिटीचा तो अध्यक्ष, साळूबाईचा दीर. "तुमच्या गुडघ्यानं खराटा वडवतोय का आता? गाव राब भाजायला लागलंच. जाळपट्टा झाला न्हाई तर वाघजाईची राई ऱ्हाईल का?"

साळूबाईनं मान हलवली. तेवढं मात्र खरं होतं.

विंझर गावाच्या वरल्या अंगाची ही वाडी. भाताचं रोप टाकायच्या जागी पाला-शेण पसरून पेटवायचं, त्याला म्हणायचं राब. वारा फिरला की ठिणगी थेट डोंगराला. म्हणून राईभोवती दहा हातांचा पट्टा झाडून चकचकीत करायचा, तोच जाळपट्टा. आधी हे साळूबाईचा नवरा करायचा. तो गेल्यावर साळूबाईनं कुणाला न विचारता त्याचा कोयता कमरेला लावला, त्याला वीस वर्षं झाली. राईतली चोरीची लाकडं भरलेला टेम्पो तिनं एकटीनं अडवला होता. टेम्पोत सख्खा भाचा निघाला, तरी शेवटची ढलपीसुद्धा उतरवून घेतली. मागं शहरातली एक संस्था आली, रोपं लावली, फोटो काढले. रोपं जळाली, आणि वर्षाच्या आत त्यातलाच एकजण बंगल्याची जागा बघायला गिऱ्हाईक घेऊन हजर! तेव्हापासून फुकटची मदत म्हटली की ती आधी पाळत ठेवायची.

आताची पोरं वाडीचीच. म्होरकी वैष्णवी, नसरापूरला कॉलेजात जाणारी. साळूबाईनं त्यांना एकच बजावलं होतं, "वाघजाईचं पान राईच्या भायेर गेलं, तर माज्याशी गाठ हाय."

त्या रविवारी ती करवंदीच्या जाळीआड दबा धरून बसली. पोरांनी चपला राईबाहेर काढलेल्या. साळूबाई मनाशी म्हणाली, देखावा! वैष्णवी मोबाईलवर पट्ट्याचे फोटो काढत होती. बाकीची पाचजणं पाला गोणीत कोंबत होती. सात गोण्या टम्म फुगल्या, आणि त्या घेऊन पोरं चढावाआड गेली. वैष्णवीच्या बापाचा राब तर अजून पाल्यावाचून उघडाच पडलेला. साळूबाईला कोडं सुटल्यागत झालं, पाला तिकडंच जाणार!

दुपारी पोरं खाली उतरली ती मोकळ्या खांद्यानं. गोण्यांच्या नुसत्या घड्या काखेत.

ती उठून आडवी झाली. "पाला कुठं दडवला गं?"

"दडवला? आज्जी, चला की, दावते."

गुडघा धरत साळूबाई वर चढली आणि बघतच राहिली. पट्टा आरशागत झाडलेला. पण पट्ट्याच्या आतल्या काठाला, राईला चिकटून, कंबरभर उंच वाळक्या पाल्याची रास रचलेली. ठिणगीनं यावं आणि पाटावर बसावं, अशी!

"अगं भवाने, ह्यो काय सरनाचा थाट मांडलाय?"

"तुमीच म्हनला, पान भायेर जायाचं न्हाई!" वैष्णवी फणकारली. "आमी राईतच वतलं. पुढं काय करायचं, ते कुठं सांगितलंत?"

साळूबाईचा नवरा पाला आत ओहोळाच्या ओल्या खळग्यात नेऊन दाबायचा, तीही तेच करत आली. पण सांगितलं कधी कुणाला? पोरं चोर निघतील, याच घोरात ती होती.

तेवढ्यात एक पोरगं खाली बोट दाखवून ओरडलं. वाडीतल्या गेनूच्या राबातून धूर निघाला होता. त्याची घाई जन्माची. आणि वारा डोंगराकडंच.

"बघत काय बसलाय? भरा गोण्या!" साळूबाई कडाडली. "आत ओहोळात न्यायचा, पसरायचा, पायानं दाबायचा. वैष्णे, त्यो मोबाईल ठेव आदी."

"आज्जी, फोटू कमिटीच्या ग्रुपवर टाकायचेत. कुंडलिक आजोबानं सांगितलंय."

"सांगितलं का न्हाई, ते म्या इचारीन त्यास्नी. जागेवाल्या दलालाला फोटू गेलेला दिसला, तर मोबाईलबी ओहोळात."

"इचारा," वैष्णवीनं मोबाईल पिशवीत टाकला आणि गोणीचं तोंड ताणून धरलं.

साळूबाईनं पदर खोचला, चपला पट्ट्याच्या बाहेर काढल्या आणि दोन्ही कवेत मावंल तेवढा पाला उचलून गोणीत घातला.