मायची हाडं

सिंधु हदगावच्या शाळेत विज्ञान शिकवते. मूलद्रव्यांचा धडा आला की ती फळा सोडून आधी चुलीवर येते. तारा म्हणजे चूलच, पोरांनो. तिथं हायड्रोजनची केंद्रकं एकमेकांत मिसळून हेलियम होतो, हेलियमचा पुढं कार्बन, मग ऑक्सिजन, असं करत करत लोखंडापर्यंत गाडी येते. लोखंडापुढं ताऱ्याच्या हाती काही लागत नाही. मोठा तारा तिथं ढासळतो आणि फुटतो. तुमच्या हाडांतलं कॅल्शियम अशाच मेलेल्या ताऱ्यांनी दिलेलं आहे.

सुट्टीत अर्धापूरजवळच्या माहेरी गेली की हेच ती मायला सांगायची. माय गुडघे चोळत ऐकायची.

"आन् सोनं गं?"

"सोनं असं सहज होत न्हाई, माय. दोन मेलेले तारे एकमेकांवर आदळावे लागतेत."

"मेल्यावर बी टकरा घेतेत व्हय!" म्हणत माय ठसका लागेपर्यंत हसायची.

यंदा माय गेली. बोटं सुजलेली होती, म्हणून बोटातली सोन्याची अंगठी निघेना. थोरला भागवत आणि धाकटा श्रीमंत, या दोघा भावांनी साबण लावून मढ्याचं बोट ओढलं. शेजारच्या बाया आत आल्या तेव्हा कुठं लाजेकाजेस्तव सोडलं. माय अंगठीसकट जळाली.

तिसऱ्या दिवशी राख सावडायची होती. मायची हाडं आपल्या हातानं उचलायची, एवढं एकच सिंधुला हवं होतं. बाया मसणवट्यात जात नाहीत, पण ती कुणाला न जुमानता गेली. बघते तर भागवतनं राखेवर पाणी शिंपडायच्या आधीच पिशवीतून पिठाची चाळणी काढलेली. या दोघांच्या भाकरीचं पीठ मायनं जन्मभर चाळलं, तीच चाळणी! मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे म्हणतात ते हेच. आणि हे तर तिच्या पोटचे.

चाळणीत मायची हाडं खुळखुळत होती आणि श्रीमंत ती मुठीमुठीनं बाजूला फेकत होता, धान्यातले खडे फेकावेत तशी. याच गड्यानं म्हशीसाठी कॅल्शियमची बाटली कधी चुकवली नाही. मायच्या गोळ्या आणायला मात्र त्याला अर्धापूर लांब पडायचं.

"दादा, आधी हाडं गोळा करू दे," ती भागवतला म्हणाली. "मग बस चाळत."

"तू शिकलेली हायस, तूच सांग. सोनं जळतंय का?"

"न्हाई जळत. वितळलं आसंल." वर्गात द्यावं तसं उत्तर तोंडून निघून गेलं आणि तिला स्वतःचीच शिसारी आली.

"मंग गोळी झाली आसंल. बारीक चाळ रं, श्रीमंता!"

गोळी काही सापडेना. सिंधुनं फेकलेल्या ढिगातून एक हाड उचललं. गुडघ्याचं असावं. तिनं ते मुठीत घट्ट धरलं. श्रीमंतनं ते पाहिलं.

"आक्का, काय सापडलं? मूठ उघड."

तिनं उघडली नाही. मग दोघांनी मिळून तिची बोटं एकेक करून उलगडली.

"ह्या! हाडच हाय," भागवत म्हणाला, आणि ते राखेत टाकून त्यानं पुन्हा चाळणी हातात घेतली.