एनेलेसी म्तेघाचा लाकडाचा आकडा

३१ डिसेंबर २०२४ ही पॅरिस कराराखाली देशोदेशींनी आपल्या हरितगृह वायूंचा पहिला द्वैवार्षिक पारदर्शकता अहवाल सादर करण्याची अखेरची तारीख होती. अल्पविकसित देशांना त्या तारखेतून सवलत होती. त्यांनी आपल्या सोयीने अहवाल द्यावा, असे नियमातच म्हटले होते. मलावी अल्पविकसित देशांच्या यादीत आहे. तरीही लिलोंग्वेतल्या एका सरकारी खात्यात ह्या सवलतीचा उच्चार कोणी करीत नसे, कारण अहवालासाठी आलेला परदेशी निधी त्याच तारखेला आटणार होता. एनेलेसी म्तेघाही त्याच दिवशी निवृत्त होणार होती.

खात्यात तिला सगळे ‘न्खुनी अमायी’ म्हणत. न्खुनी म्हणजे सरपण, अमायी म्हणजे बाई. देशातल्या बहुतेक घरांत लाकडावर नाहीतर कोळशावर रांधले जाते. त्यामुळे देशाने हवेत काय काय सोडले ह्याचा हिशेब मांडायचा, तर किती लाकूड जळते हा प्रश्न टाळता येत नाही. त्याला वीस वर्षांहून अधिक काळ एकच उत्तर होते: माणशी रोज दोन किलोंहून थोडे कमी. हा आकडा २००१ सालच्या कोरड्या हंगामात एनेलेसीने न्चिसी जिल्ह्यातल्या चिकोम्बे गावातून तोलून आणला होता. एका गावातला, एका हंगामातला आकडा. तिने त्यापुढे ‘तात्पुरता’ असा शब्द लिहिला होता. पुढच्या अहवालात आकडा राहिला आणि शब्द गळाला.

त्यानंतर प्रकल्प आले आणि गेले. प्रत्येक प्रकल्पाबरोबर नवे संगणक, नवे तज्ज्ञ, नवे तक्ते आणि शिकायला नवी माणसे येत. प्रकल्प संपला की संगणक वरिष्ठांच्या खोल्यांत जात आणि शिकलेली माणसे प्रिटोरियाला, नैरोबीला, जिनिव्हाला. एनेलेसीने एकच तक्ता इतक्या जणांना शिकवला होता की शिकवताना तिचे तोंड आपोआप चाले आणि डोळे खिडकीबाहेरच्या जकरांड्याच्या झाडाकडे लागलेले असत. शेवटची शिष्या वेझी, उत्तरेकडच्या म्झुझूची. हुशार होती, म्हणजे तीही जाणार हे ठरलेलेच.

जाण्यापूर्वी एनेलेसीला एकच गोष्ट हवी होती. चिकोम्बेत जाऊन लाकूड पुन्हा तोलायचे आणि आपला आकडा खरा होता की नाही, एवढे समजून घ्यायचे. संचालक चिम्फोन्दा ह्यांच्याकडे तिने गाडी मागितली, पुन्हा मागितली, मग मागणे सोडून त्यांच्या दारासमोरच्या बाकावर नुसती बसू लागली. शेवटी त्यांनीच तिला आत बोलावले.

“आकडा इतकी वर्षं निमूट बसलाय, अमायी. त्याला कशाला उठवताय?”

“मी बसवलाय म्हणून,” ती म्हणाली.

आठवड्यापुरती गाडी मिळाली. डिझेलचा तुटवडा होता. चालक रांगेत उभा राहिला, तिथेच जेवला, तिथेच झोपला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पंपावरून परतला तेव्हा त्याचे बोलणेच बंद झाले होते.

चिकोम्बेत गोगो नान्खोमा, गावाची आजी, अजून होती. २००१ मध्ये तिच्याच अंगणातल्या आंब्याला एनेलेसीने ताणकाटा टांगला होता. म्हातारीने तिला ओळखून माहेरच्या कुळाच्या नावाने हाक मारली. “नाम्वाले, तू अजून लाकडंच तोलतेस? ह्या मोळ्या वाहून माझी पाठ वाकली, तिचं वजन घे एकदा.” मग आतून भुईमुगाच्या शेंगा आणल्या आणि काटा कुठे टांगायचा ती फांदी दाखवली. जुनी फांदी तुटून गेली होती.

पद्धत जुनीच होती. प्रत्येक घरातली सरपणाची रास सकाळी तोलायची, तिला तांबडी चिंधी बांधायची, आणि बाईला सांगायचे की उद्यापर्यंत ह्याच राशीतले जाळ, तीत नवे घालू नकोस. दुसऱ्या सकाळी उरलेले तोलायचे. जे कमी झाले ते जळले, असे धरायचे आणि घरातल्या माणसांनी भागायचे.

पहिल्या दिवशीचा आकडा जुन्यापेक्षा तिसऱ्या हिश्श्याने कमी आला. दुसऱ्या दिवशीही तेच झाले. वेझीला काट्याचा संशय आला. तिने दुकानातून साखरेच्या बंद पिशव्या आणून टांगल्या. काटा ठीक होता. मग तिने कारणांचा सपाटा लावला: जंगल लांब गेले, म्हणून बाया काटकसरीने जाळतात; मक्याची ताटे जाळतात; नव्या चुली आल्या. एनेलेसी घरोघर जाऊन पाहून आली. नव्या चुली दोन घरांत होत्या आणि एकीत कोंबडी अंड्यांवर बसली होती. नान्खोमाचे तर तीन दगड जिथल्या तिथे होते. ताटे पूर्वीही जळत, जंगल पूर्वीही लांबच होते. पुढचे दिवसही आकडा खालीच राहिला. एनेलेसी संध्याकाळी न्सिमाचा, मक्याच्या उकडीचा, गोळा हातात घेऊन बसे आणि तो हातातच गार होई. आपण तेव्हा चुकलो की आता चुकतो आहोत, हे तिला कळेना. आणि तिसरी खेप करायला तिच्याजवळ वर्ष उरले नव्हते.

आठवडा संपायच्या आदल्या सकाळी राशी नुकत्याच तोलून झाल्या होत्या. तेवढ्यात ओढ्यापलीकडून बायकांचा हंबरडा ऐकू आला. कोणीतरी गेले होते. थोड्या वेळाने नान्खोमाची मुलगी लोनेस घरातून बाहेर आली. कमरेला चितेन्जेचे कापड घट्ट गुंडाळलेले, काखेत पिठाची टोपली. अंगणात येऊन तिने चिंधी बांधलेल्या राशीतला एक जाड ओंडका ओढून काढला आणि डोक्यावर घेतला.

वेझी पुढे झाली. हे लाकूड तोललेले आहे, आजच्या दिवस ते घरातच जळायला हवे, असे तिने शक्य तितक्या नम्रपणे सांगितले आणि चिंधीकडे बोट केले.

लोनेसने चिंधीकडे पाहिले, मग वेझीकडे. “मग मेलेल्याला सांगून येऊ का मॅडम, की आज पाहुण्या लाकूड तोलतायत, तू उद्या मर?”

वेझीचा चेहरा उतरला. मर्तिकाच्या घरी पीठ आणि लाकूड घेऊन जायचे असते, हे तिला शिकवावे लागत नव्हते. म्झुझूतही तसेच करतात. पण आठवडाभर त्या राशीकडे ती आकडा म्हणूनच पाहत आली होती. एनेलेसीने वाकून त्याच राशीतले दुसरे लाकूड उचलले, डोक्यावर ठेवले आणि लोनेसच्या मागून चालू लागली.

वाटेवर प्रत्येक घरातून बाई निघत होती आणि प्रत्येकीच्या डोक्यावर लाकूड होते. काही लाकडांना तांबडी चिंधी तशीच लोंबत होती. एनेलेसी त्या चिंध्यांकडे पाहत चालली आणि ओढ्याच्या उतारावर तिचे पाय मंदावले. ती ह्या वाटेने पूर्वी गेली होती. असाच ओंडका डोक्यावर घेऊन, ह्याच बायकांबरोबर, त्या एका हंगामात कितीदा तरी. सकाळी काटा, आणि काटा खाली ठेवला की मर्तिक. तो असा काळ होता की आजाराचे नाव कोणी घेत नसे. ‘बरेच दिवस आजारी होता’ एवढेच म्हणत, आणि ऐकणाऱ्याला कळे. तरुण माणसे जात होती. रोज कुठेतरी दुखवट्याला आलेले लोक जेवत होते, पुरुषांच्या बैठकीपुढे शेकोटी पेटलेली होती, आणि ते सगळे लाकूड घराघरांतल्या तोललेल्या राशींतून येत होते. तिने रोज विचारले होते, रास किती कमी झाली. कुठे गेली, हे विचारले नव्हते. विचारण्यासारखे त्यात काही आहे असे कोणालाच वाटले नसते, कारण ती स्वतःच ते वाहून नेत होती.

मर्तिकाच्या अंगणात तिने लाकूड इतरांच्या लाकडांवर ठेवले, बायकांत बसली आणि रडली. बायकांना त्यात विशेष काही वाटले नाही.

दुसऱ्या सकाळी उरलेल्या राशी तोलल्या गेल्या. वेझीने भागाकार केला, पुन्हा केला, आणि बहुतेक त्या आठवड्यात पहिल्यांदाच हसली. “अमायी, कालचा दिवस तुमच्या आकड्याशी जुळतोय. अगदी जवळ आहे. म्हणजे आधीच्या दिवसांत आपलंच काहीतरी चुकत होतं.”

“आधीचे दिवस बरोबर आहेत, पोरी,” एनेलेसी म्हणाली. “कालचा दिवस बघ. माझा आकडा म्हणजे कालचा दिवस आहे.”

तिने काय झाले ते सांगितले. वेझी पुष्कळ वेळ काटा गुंडाळत राहिली. शेवटी तिने विचारले, की मग त्या हंगामात अशी किती मर्तिके झाली, हे कळले तर आकडा दुरुस्त करता येईल ना? म्हणून दोघी गोगो नान्खोमाकडे गेल्या.

म्हातारी शेंगा सोलत होती. “मोजत नव्हतो आम्ही,” ती म्हणाली. “मोजत बसलो असतो, तर पुरायला कोण गेलं असतं?” मग तिने एनेलेसीकडे पाहिले. “तूसुद्धा शेवटी नव्हतीस की. काटा माझ्या पोरावर टाकून स्वतःच्या बहिणीला पुरायला गेलीस. परत आलीस ती सामान न्यायला.”

एनेलेसीला ते आठवत होते. शेवटच्या दिवसांच्या नोंदी कोणत्या हाताच्या होत्या, एवढे मात्र तिला आठवत नव्हते, आणि मूळ कागद खात्याच्या जुन्या इमारतीत वाळवीने खाल्ले होते.

नोव्हेंबरमध्ये तपासणीची बैठक झाली. नैरोबीचे तपासनीस किलोन्झो पडद्यावर होते. सभ्य, नीटनेटके, स्वतःही थकलेले गृहस्थ. त्यांचे म्हणणे साधे होते. नवा आकडा एका गावातला, एका आठवड्याचा. जुन्याला मात्र दोन स्वतंत्र आंतरराष्ट्रीय संकलनांचा आधार आहे. म्हणून जुनाच ठेवावा.

एनेलेसीने आधीच्या आठवड्यात त्या दोन्ही संकलनांचा माग काढला होता. एका तक्त्याखालची टीप दुसऱ्या अहवालाकडे बोट दाखवत होती, तो तिसऱ्याकडे, आणि तिसऱ्याच्या तळाशी तिच्या स्वतःच्या देशाचा अहवाल होता. दुसऱ्या संकलनाची वाट वेगळी होती. पोहोचत होती तिथेच.

“ते दोन नाहीत,” ती म्हणाली. “मीच आहे ती, दोन ठिकाणी.”

मग तिने मर्तिकांचे सांगितले. चिम्फोन्दा डोके धरून बसले होते. “मर्तिकाचं लाकूड कुठल्या रकान्यात घालू, अमायी? आहे तसा रकाना?” त्यांनी हे चिडवण्यासाठी म्हटले असावे, पण म्हणताना त्यांचा आवाज खाली आला. त्या वर्षांत त्यांच्याही घरची माणसे गेली होती.

लाकूड वगळायचे नव्हते, हे सगळ्यांनाच मान्य होते. मर्तिकात जळो की चुलीत, धूर एकच. प्रश्न वर्षांचा होता. २००४ पासून देशात त्या आजाराची, एड्सची, औषधे फुकट मिळू लागली, हळूहळू थडगी कमी झाली. आकडा मात्र त्या हंगामाचाच राहिला आणि दरवर्षी लोकसंख्येने गुणला गेला. किलोन्झोंनी नियमात असलेला उपाय सुचवला: जुना आकडा तेव्हाचा, नवा आत्ताचा, आणि मधली वर्षे सरळ रेषेने जोडावीत.

माणसे सरळ रेषेत मरायची थांबली नाहीत, असे एनेलेसीने सांगितले. किलोन्झो म्हणाले की त्यांना ते ठाऊक आहे, त्यांच्याकडेही तसेच झाले. पण दुसरे काय आहे?

वेझीला डिसेंबरच्या सुरुवातीला प्रिटोरियात नोकरी लागली. जाण्यापूर्वी तिने रेषेचे गणित पूर्ण केले आणि चिंध्यांची हकीकत एका परिच्छेदात लिहून दिली. चिम्फोन्दांना तो परिच्छेद परिशिष्टात हवा होता. परिशिष्ट कोणी वाचत नाही, म्हणूनच तिथे बरा, असे त्यांनी सरळच सांगितले. तक्त्याच्या खाली तो नसेल तर अहवालातल्या लाकडाच्या प्रकरणावर मी सही करणार नाही, असे एनेलेसीने त्यांना सांगितले. हेही इतक्या थकलेल्या आवाजात, की त्यांना वाद घालायला काही सापडेना. परिच्छेद तक्त्याखाली राहिला. जुन्या आकड्यापुढे तिने ‘तात्पुरता’ हा शब्द परत लिहिला, नव्या आकड्यापुढेही लिहिला, आणि पुढे करायच्या कामांच्या यादीत मर्तिकांची पाहणी घातली. ती कोण करणार, ह्या रकान्यात काही लिहिता आले नाही.

लाकडाचे प्रकरण मुदतीपूर्वी तयार झाले.

२००१ च्या त्या हंगामात चिकोम्बेत किती मर्तिके झाली, हे माहीत नाही. एका मर्तिकाला किती लाकूड लागते, हे एकाच दिवसावरून ठरवता येत नाही. त्या वर्षी मर्तिक नसलेल्या दिवशी घरात किती जळत असे, ह्याची नोंद उरलेली नाही. शेवटच्या दिवसांचे आकडे कोणी लिहिले, हेही कळलेले नाही. इतर गावांत काय होते, ते कोणी तोललेले नाही. त्यामुळे एनेलेसी म्तेघाचा आकडा किती चुकला होता, हे अजून सांगता येत नाही.