चप्पल स्टँडवरचा प्रसाद

"सगळं अंबाबाईवर सोड," हे आईचं पालुपद ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जायची. कर्करोगाच्या जनुकांवर काम करण्यात उभं आयुष्य घालवलेल्या बाईनं काय काय म्हणून सोडायचं? अनुदान रखडलं, सोड. मागवलेली रसायनं वाटेत खराब झाली, सोड. आणि त्या दिवशी तर प्रयोगशाळेतल्या उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजरनंच मान टाकली.

त्या फ्रीजरमध्ये नेसरीकडच्या सुवर्णा नावाच्या तरुणीच्या आईच्या गाठीचा हरभऱ्याएवढा तुकडा होता. ती आई स्तनाच्या कर्करोगानं गेली. सुवर्णाच्या रक्तात एका जनुकात बदल सापडला होता, पण तो घातक की निरुपद्रवी, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. त्याचं उत्तर आईच्या त्या तुकड्यातल्या आरएनएत, म्हणजे जनुकाकडून पेशीला जाणाऱ्या निरोपात मिळण्यासारखं होतं. तुकडा एकदा वितळला की तो निरोप विस्कटतो, आणि दुसरा तुकडा आणायचा कुठून? "मॅडम, आईचं तेवढंच ऱ्हायलंय तुमच्याकडं," सुवर्णा फोनवर म्हणायची. "माझी पोरगी ल्हान हाय ओ. मला काय ते कळू दे."

फ्रीजरचा मेकॅनिक सकाळपासून "निघालोच मॅडम" म्हणत होता. कुठून निघाला होता देव जाणे! द्रवरूप नायट्रोजन मिळाला असता तर तुकडा वाचला असता, पण शिरोली एमआयडीसीतल्या गॅसवाल्याची नेमकी आठवड्याची सुट्टी. दुसऱ्या कॉलेजातला फ्रीजर आमच्याही आधी बंद पडलेला. बाहेरच्या पडद्यावर तापमान चढत होतं. दार उघडायचं नाही, एवढंच काय ते माझ्या हातात होतं. तरी मी चार वेळा त्या दारापाशी जाऊन आले. शेवटी माझ्या सहकारी बाईंनी मला अक्षरशः बाहेर काढलं.

त्यात आईचा फोन. तिला अंबाबाईची ओटी भरायची होती, आणि मी आठवड्यापूर्वीच कबूल केलं होतं. चरफडत तिला महाद्वारापाशी नेलं. "आत चल, सांग तिला," आई म्हणाली. मी म्हटलं, "तिला दिसत नाही का? मी नाही येत." आई खणानारळाची पिशवी घेऊन रांगेकडे गेली. मी चप्पल स्टँडपाशी उभी राहून मेकॅनिकला फोन लावला आणि चारचौघांत त्याच्यावर ओरडले, "अहो, नायट्रोजन तरी मिळवून द्या कुठून!" आणि बोलता बोलता मला रडूच फुटलं. त्याआधी किती वर्षांत रडले नव्हते, आठवत नाही.

"काय झालं ओ ताई?" शेजारी चप्पल काढत असलेल्या माणसानं विचारलं. मी काहीतरी तुटक सांगितलं. तो म्हणाला, "नायट्रोजन व्हय? माझ्या गाडीला हाय की! मी दूध संघाकडनं म्हशी भरवायचं काम करतोय. आत्ताच कॅन भरून आणलाय." म्हशी कृत्रिम रेतनानं गाभण करायला रेड्याचं बीज गोठवून ठेवतात आणि त्याला हाच नायट्रोजन लागतो, हे मला पुस्तकातून चांगलं माहीत होतं. पण तो इथं, माझ्या शेजारी, मोटारसायकलला बांधलेला!

"तुमचं दर्शन?" मी विचारलं.

"ते परत हुतंय की. चला तुमी."

आईला तिथंच थांबायचा निरोप चप्पल स्टँडवाल्याकडे ठेवून मी मोटारसायकलवर त्याच्यामागे बसले. प्रयोगशाळेत पोचल्यावर दिवसभर बंद ठेवलेला फ्रीजर मी उघडला. तुकडा अजून घट्ट गोठलेला होता. रेड्यांच्या बीजाच्या नळ्यांशेजारी सुवर्णाच्या आईची कुपी कॅनमध्ये सोडली. वाफेचा पांढरा लोट आला. आपल्या नळ्या त्यानं गाडीवरच्या दुसऱ्या लहान कॅनमध्ये काढून घेतल्या, मोठा माझ्याकडे ठेवला. पैशाचं विचारलं तर जवळजवळ रागावलाच. "राधानगरीला म्हशी खोळंबल्यात," म्हणून निघूनही गेला. दुसऱ्या दिवशी कॅन न्यायला आला तेव्हा मेकॅनिकही उगवला होता.

आरएनए शाबूत निघाला. बदल घातक होता. मी सुवर्णाला फोन करून निकाल सांगितला. ती म्हणाली, "म्हंजे आईनं जाता जाता मला सांगितलं म्हणायचं. आता वेळेत करू की काय ते." कर्करोग होण्याआधीच शस्त्रक्रिया झाली. ती आता बरी आहे.

हा चमत्कार होता का, ते मी ठरवत बसत नाही. मी मेकॅनिक मागितला होता. देवीनं म्हशीवाला पाठवला. फ्रीजरचं दार बंद ठेवून बाहेर उभं राहणं म्हणजेच आई म्हणते ते सोडणं असावं, एवढं मला त्या दिवशी उमगलं. आई अजून विचारते, "पटलं का आता?" आणि मी अजून चिडते. पण परवा तिला न सांगता एकटीच गेले. चप्पल त्याच स्टँडवर ठेवली, रांगेत उभी राहिले, आणि देवीसमोर आल्यावर माझ्याकडे मागायला काहीच नव्हतं. नुसती ओटी भरली, सुवर्णाच्या आईच्या नावानं.